पुढच्या वर्षीचा संघ

इंदूरच्या होळकर संघाचा रणजी करंडकातला इतिहास एका कागदावर उतरवून पाहिला, तर त्यात एक चमत्कारिक गोष्ट दिसते. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत हा संघ दहा वेळा अंतिम सामन्यात पोचला. त्यातले चार सामने त्याने जिंकले आणि सहा गमावले. १९४५ मध्ये हरला, १९४६ मध्ये जिंकला. १९४७ मध्ये हरला, १९४८ मध्ये जिंकला. १९४९-५० च्या हंगामात बडोद्याने हरवले, पुढच्याच हंगामात गुजरातला हरवून करंडक परत आणला. १९५१-५२ मध्ये मुंबईकडून ५३१ धावांनी हार, आणि १९५२-५३ मध्ये कलकत्त्याला जाऊन बंगालवर मात. म्हणजे होळकरांची चारही विजेतेपदे गमावलेल्या अंतिम सामन्याच्या अगदी पुढच्या हंगामातली आहेत. आदल्या वर्षी न हरता त्यांनी एकदाही करंडक उचललेला नाही.

आकडेशास्त्राचा माणूस याला योगायोग म्हणेल, आणि त्याचे म्हणणे खोडून काढण्याइतका माझा गणिताचा अभ्यास नाही. माझे एम. ए. तत्त्वज्ञानातले आणि नोकरी खेड्यातल्या हायस्कुलातली. परंतु योगायोगातूनही माणसाला प्रश्न पडू शकतो. हरलेल्या अंतिम सामन्यानंतर जो पुन्हा सरावाला उतरतो, तो नेमकी कशाची तयारी करत असतो? झालेल्या पराभवाच्या भरपाईची, की पुढच्या सामन्याची? वरवर पाहता दोन्ही एकच. मला मात्र त्या दोन अगदी निराळ्या गोष्टी वाटतात, आणि त्यांची गल्लत झाली की तिची किंमत बहुधा तिसराच कुणीतरी मोजतो, असे माझे मत होत चालले आहे.

ते पराभव कसे होते, हे आजच्या तरुण वाचकांना थोडे सांगायला हवे. मार्च १९४५ चा मुंबईतला सामना घ्या. मुंबईच्या धावा ४६२ आणि ७६४. होळकरांच्या ३६० आणि ४९२. एका सामन्यात दोन हजार अठ्ठ्याहत्तर धावा! होळकरांपुढे ८६७ धावांचे लक्ष्य होते, आणि युद्धाच्या निमित्ताने हिंदुस्थानात आलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन त्यांच्याकडून नाबाद २४९ धावा काढून गेला. मुश्ताक अली यांनी दोन्ही डावांत शतके काढली. सी. एस. नायडूंनी सामन्यात ९१७ चेंडू टाकले. नऊशे सतरा! आणि एवढे करून ३७४ धावांनी हार.

दोन वर्षांनी बडोद्याला झाले ते याहून वाईट. विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली, जिचा विक्रम पुढे २००६ सालापर्यंत जगात कुणाला मोडता आला नाही. होळकर संघ एक डाव आणि ४०९ धावांनी हरला. असा मार खाल्लेली माणसे इंदूरला परत आली, पावसाळा गेला, आणि पुढच्या हंगामात त्याच माणसांनी यशवंत क्लबच्या मैदानावर मुंबईला नऊ गडी राखून हरवले. त्याआधी १९४६ च्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध सी. के. नायडूंनी दोनशे धावा काढल्या होत्या. तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशी ओलांडली होती. आमच्याकडे पन्नाशी ओलांडली की शिक्षक स्वेच्छानिवृत्तीचे नियम विचारू लागतात. असो.

होळकरांच्या बाबतीत एक सोय होती. जे हरले तेच बहुतांशी पुढच्या वर्षी खेळले. नायडू बंधू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, ही मंडळी वर्षानुवर्षे एकत्र होती. पराभव ज्यांचा, तयारी त्यांची, आणि विजयही त्यांचाच. हिशोब एकाच वहीत. तिथे भरपाई म्हणा नाहीतर पुढची तयारी म्हणा, नावाने फरक पडत नाही.

फरक पडतो तो वही बदलली की. होळकर संघाचा शेवटचा अंतिम सामना १९५४-५५ च्या हंगामात इंदूरलाच झाला आणि मद्रासने तो ४६ धावांनी जिंकला. इतक्या वर्षांची रीत पाहता पुढचे वर्ष होळकरांचे असायला हवे होते. पण पुढच्या वर्षी होळकर संघच उरला नाही. संस्थान आधीच विलीन झाले होते, आता खेळातूनही ते नाव गेले. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि नवे मध्य प्रदेश आले. सीमाभागातल्या वाचकांना १९५६ साली काय काय बदलले हे मी सांगायला नको. तुमच्याकडे गावांच्या पाट्या बदलल्या, आमच्याकडे संघाच्या टोप्या. ४६ धावांचा तो पराभव कुणाच्याच नावावर वसूल न होता तसाच राहिला.

मध्य प्रदेशाला रणजीचा अंतिम सामना मिळाला तो थेट एप्रिल १९९९ मध्ये, बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर, कर्नाटकाविरुद्ध. कर्णधार होते चंद्रकांत पंडित. मूळ मुंबईचे, भारताकडून खेळलेले यष्टिरक्षक. तो सामना आमच्या पिढीला तोंडपाठ आहे. कर्नाटक ३०४, मध्य प्रदेश ३७९. पहिल्या डावात ७५ ची आघाडी. रणजीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाची आघाडी ज्याची, करंडक त्याचा. म्हणजे शेवटच्या दिवशी आमच्या संघाला जिंकायची गरजच नव्हती. संध्याकाळपर्यंत उभे राहिले असते तरी पुरले असते. कर्नाटकाने ठेवलेले लक्ष्य होते २४७. मध्य प्रदेश दीडशेत गारद झाला. विजय भारद्वाजने सहा बळी घेतले आणि ९६ धावांनी सामना गेला.

या पराभवाची जात होळकरांच्या पराभवांहून वेगळी आहे. ८६७ चे लक्ष्य गाठता आले नाही म्हणून कुणी रात्री जागत नाही. माणूस जागतो तो केवळ उभे राहायचे होते आणि तेवढेही जमले नाही म्हणून. परीक्षेत नापास झालेल्यापेक्षा एका गुणाने पहिला वर्ग हुकलेला मुलगा अधिक वर्षे कुढतो, हे मी तीस वर्षे पाहत आलो आहे.

आणि त्या संघातल्या खेळाडूंना पुढचे वर्ष मिळाले नाही. म्हणजे हंगाम आले, सामने झाले, पण पुन्हा अंतिम सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. त्या पिढीतला देवेंद्र बुंदेला पुढेही खेळत राहिला. १९९५-९६ पासून २०१७-१८ पर्यंत. रणजीचे १४५ सामने, प्रथम श्रेणीत दहा हजारांवर धावा, आणि करंडक नाही. त्याने इतक्या उन्हाळ्यांत, इतक्या पावसाळ्यांत जी तयारी केली, ती वाया गेली असे म्हणायचे का? ज्यांना तसे म्हणावेसे वाटते त्यांनी सकाळी सहा वाजता एखाद्या मैदानावर जाऊन बसावे आणि मग बोलावे.

आता जरा आमच्या गावाकडे येतो. सिमरोल हे इंदूरहून खंडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. पुढे घाट उतरला की चोरल. काळी जमीन, सोयाबीन, आणि श्रावणात ओंकारेश्वरहून पाणी घेऊन उज्जैनकडे निघालेल्या कावडियांची रीघ. आमच्या शाळेतली मुले मालवीत भांडतात, हिंदीत लिहितात, आणि त्यातली दहा-बारा घरी मराठी बोलतात. शाळेत क्रिकेटचा संघ उभा करायला पैसा लागतो. कबड्डीला जमीन पुरते, म्हणून आमची कबड्डी. गेल्या वर्षी आमचा संघ संभागस्तरीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एका गुणाने हरला. एकतीस-बत्तीस. शेवटच्या चढाईत आमचा मुलगा मध्यरेषेपासून हातभर अंतरावर अडकला.

परत आल्यावर आमच्या खेळाच्या सरांनी साहित्याच्या खोलीच्या भिंतीवर, दार उघडल्याबरोबर समोर दिसेल अशा जागी, गेरूने मोठ्या आकड्यांत लिहिले: ३१-३२. खाली काही नाही. यंदा जूनमध्ये शाळा उघडली, नवा संघ निवडला गेला. गेल्या वर्षीच्या सातांपैकी पाच जण बारावी होऊन निघून गेले आहेत. नव्या मुलांतला एक तर त्या सामन्याच्या वेळी आमच्या शाळेतही नव्हता. तोही रोज सकाळी दार उघडतो, तो आकडा पाहतो आणि चटई ओढत बाहेर आणतो. एकदा मी त्याला विचारले, हा आकडा कशाचा माहीत आहे का? तो म्हणाला, "सर, अपन हारे थे." हरला कोण, तर ‘अपन’.

खेळाचे सर म्हणतात, हेच तर हवे. सर माणूस चांगला आहे, स्वतः जिल्ह्याकडून खेळलेला. त्यांचे म्हणणे असे की पोरांना दुखले पाहिजे. दुखल्याशिवाय कुणी पहाटे उठत नाही. ज्या शाळेला आपला पराभव आठवत नाही तिला शाळा म्हणू नये, धर्मशाळा म्हणावे. हे त्यांचे वाक्य मला आवडले, आणि त्यात तथ्य आहे हेही नाकारता येत नाही. आपण मराठी माणसे तर याच्या साक्षीला इतिहासच उभा करू. पानिपत हा शब्द आपण अजून पराभवाला वापरतो. १७६१ च्या त्या रणात पाय अधू होऊन वाचलेल्या महादजी शिंद्यांनी दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, दिल्ली ताब्यात आणली आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी बादशहाला तिथे नेऊन बसवले. उलट नानासाहेब पेशवे पानिपताची वार्ता आल्यावर सहा महिनेही जगले नाहीत. पराभव एकच. एकाला त्याने संपवले, एकाला तो जन्मभर लंगडत का होईना चालवत राहिला.

पण महादजी त्या रणात स्वतः होते, हे विसरू नये. त्यांचे लंगडणे त्यांचे स्वतःचे होते. ज्याचा पाय शाबूत आहे त्याला लंगडायला शिकवावे काय, असा माझा सवाल आहे.

हा सवाल कबड्डीपुरता असता तर मी दिवाळी अंकाची पाने अडवली नसती. आमच्या गावात २००९ पासून आयआयटीचे नाव आले आणि पुढे डोंगराच्या बाजूला तिच्या इमारती उभ्या राहिल्या. तेव्हापासून आमच्या गावातल्या घराघरांत एक नवीनच अंतिम सामना सुरू झाला आहे. इंदूरच्या भंवरकुआ भागात शिकवण्यांच्या पाट्यांचे जंगल आहे. तिथे खांडवा, बुऱ्हाणपूर, बैतूल, खाली जळगाव, इथून मुले येतात. त्यांच्याबरोबर त्यांचे वडील येतात. मुलाला खोली घेऊन देतात, गॅसची शेगडी देतात, आणि आणखी एक वस्तू देतात जी सामानाच्या यादीत लिहिलेली नसते.

यंदा जुलैत एक पालक मला भेटायला आले. मराठी गृहस्थ, इंदूरला एका कारखान्यात पर्यवेक्षक. मुलगा आमच्याकडे अकरावीत आणि कबड्डीच्या संघात. त्यांचे म्हणणे, मुलाचे नाव संघातून काढा. मी कारण विचारले.

"सर, वेळ जातो. सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास."

"अभ्यासात मागे पडला आहे का?"

"मागे नाही. पण मागे नसणं पुरत नाही ना. मी स्वतः एका गुणाने राहिलोय, सर. शहाण्णव साली. पीईटी दिली होती. एक गुण. माझ्या पुढचा मुलगा आत गेला, मी बाहेर राहिलो. माझं राहिलं ते ह्याच्याकडून करून घेणार."

हे बोलताना त्यांचा आवाज खाली आला. इतक्या वर्षांनंतरही तो एक गुण त्यांच्या खिशात होता, चुरगळलेल्या तिकिटासारखा. मला त्यांच्याविषयी आदर वाटला. मी त्यांना म्हटले, "आपल्या मुलाला हे माहीत आहे का?" ते म्हणाले, "लहानपणापासून." मुलगा दाराबाहेर उभा होता. त्याने ऐकले असणार. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हते. दुसऱ्याचे ओझे आपलेच समजून उचलणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जी एक समजूतदार थकावट असते, ती सोळाव्या वर्षी त्याच्या चेहऱ्यावर होती.

कायद्यात एक चांगली गोष्ट आहे. बापाच्या मागे राहिलेले कर्ज मुलाकडून वसूल करायचे तर ते वारशाने आलेल्या मालमत्तेपुरतेच करता येते. घर मिळाले असेल तर घरापुरते, शेत मिळाले असेल तर शेतापुरते. मुलाच्या स्वतःच्या कमाईला हात लावता येत नाही. हुकलेल्या गुणांच्या कर्जाला मात्र अशी मर्यादा आपण ठेवलेली नाही. ते मुलाच्या सगळ्या आयुष्यावर चढते. आणि गंमत अशी की ते फिटतही नाही. समजा हा मुलगा आयआयटीत गेला. म्हणून १९९६ साली त्याचे वडील आत गेले असे होणार आहे काय? तो बाहेरच राहिलेला तरुण तिथेच, त्याच यादीपुढे, उभा राहणार. १९४८ चा विजय १९४७ च्या पराभवातली एक धावही पुसत नाही. बडोद्याच्या वहीत अजून एक डाव आणि ४०९ धावा आहेतच.

इथे कुणी मला पंडितांचे उदाहरण देईल, आणि ते द्यायलाच हवे. चंद्रकांत पंडित २०२० मध्ये मध्य प्रदेशचे प्रशिक्षक झाले. जून २०२२ मध्ये, त्याच चिन्नास्वामी मैदानावर, त्यांच्या संघाने मुंबईला सहा गडी राखून हरवले आणि मध्य प्रदेशला पहिल्यांदा रणजी करंडक मिळाला. तेवीस वर्षांनी. पंडितांच्या डोळ्यांत पाणी आलेले सगळ्या देशाने पाहिले. हा दुसऱ्यांच्या हातून वसूल झालेला पराभव नव्हे काय? त्या संघातला अक्षत रघुवंशी तर १९९९ च्या सामन्यानंतर चार वर्षांनी जन्मलेला.

मी या प्रश्नावर बरेच दिवस घालवले आहेत, आणि त्यासाठी पंडितांचा मधला प्रवास पाहिला. जानेवारी २०१७ मध्ये ते मुंबईचे प्रशिक्षक असताना मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली. मैदान आमच्या इंदूरचे. त्यानंतर ते विदर्भाकडे गेले. बरोबर एका वर्षाने, १ जानेवारी २०१८ रोजी, त्याच इंदूरच्या मैदानावर विदर्भाने दिल्लीला हरवून आपला पहिला रणजी करंडक जिंकला. पुढच्या हंगामात पुन्हा जिंकला. आता विदर्भाच्या मुलांना मुंबईच्या पराभवाशी काय देणेघेणे? काहीही नाही. तरी तयारी चालली. यावरून मला असे दिसते की जो माणूस एका हरलेल्या सामन्यातून दुसऱ्या संघाकडे काही घेऊन जाऊ शकतो, तो पराभवाची बोच घेऊन जात नसतो. बोच नेली तर ती तिथे कुणाला लागूच पडणार नाही. तो नेतो ते ज्ञान. सामना कुठे निसटतो, कोणत्या तासाला माणसे सैल पडतात, पंच्याहत्तरची आघाडी किती असते आणि किती नसते.

२०२२ चा सामना या नजरेने पाहा. मुंबई ३७४. मध्य प्रदेश ५३६, त्यात यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांची तीन शतके. आघाडी १६२. इथेही अनिर्णित राहिला असता तरी करंडक आपलाच होता. १९९९ मध्ये नेमकी हीच स्थिती होती, फक्त अंक लहान. पण या वेळी शेवटच्या दिवशी मुंबईला २६९ वर बाद केले आणि १०८ धावा काढून सामना सरळ जिंकला. बसून राहण्याच्या सोयीवर विसंबले नाहीत. हे त्यांना तेवीस वर्षांपूर्वीच्या दीडशे धावांनी शिकवले, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ज्याला ते दीडशे माहीत होते तो माणूस त्यांच्या खोलीत बसला होता.

अर्थात पंडितांची शिस्त कडक, हे सर्वश्रुत आहे. कर्णधार आदित्य श्रीवास्तवला लग्नासाठी दोन दिवसांची रजा मिळाली, असे वर्तमानपत्रांत छापून आले होते. हे वाचून आमच्या घरी दोन तट पडले. सौभाग्यवतींचे म्हणणे, करंडक काय, पुढच्या वर्षीही असतो. लग्न एकदाच. मी गप्प राहिलो.

आणि बोचेचा हिशोब कुठे जातो, याचेही उदाहरण त्याच मैदानाच्या दाराशी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये रजत पाटीदारच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेश वीस षटकांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना मुंबईकडून हरला. करंडकाला नाव इंदूरच्या मुश्ताक अलींचे आणि मैदान पुन्हा चिन्नास्वामीच. पाटीदार स्वतः ८१ धावांवर नाबाद राहिला होता. सहा महिने पुरे व्हायच्या आत, ३ जून २०२५ रोजी, याच इंदूरच्या मुलाने बंगळुरूच्या संघाला पहिले आयपीएल जिंकून दिले. बंगळुरू त्याआधी २००९, २०११ आणि २०१६ असे तीन अंतिम सामने हरले होते. त्यांतला एकही पाटीदारने खेळलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी अठरा वर्षांची थकबाकी एका संध्याकाळी वसूल करायला लोक चिन्नास्वामीवर लोटले आणि चेंगराचेंगरीत अकरा जण मेले. व्यवस्था कुणाची चुकली याची चर्चा झाली आणि व्हायलाच हवी होती. पण एवढे लोक एका दारावर आले कशासाठी, हा प्रश्न व्यवस्थेच्या पलीकडचा आहे. एका चांगल्या सामन्याचा आनंद माणसाला इतके पुढे ढकलत नाही. ढकलते ते वर्षानुवर्षे साठवलेले येणे.

त्या पालकांना मी मुलाचे नाव काढणार नाही असे सांगितले. कारण त्याने स्वतः तसे सांगितलेले नाही. तो येऊन सांगेल त्या दिवशी काढीन. ते नाराज होऊन गेले. मुलगा अजून संघात आहे, सकाळी येतो, संध्याकाळी शिकवणीला जातो. वडील दोनदा रस्त्यात भेटले, नमस्कार झाला. ते मला पुन्हा भेटायला येतील, असे वाटते. मीही त्यांची वाट पाहतो आहे, कारण त्यांना एक विचारायचे राहून गेले. शहाण्णव सालच्या त्या पेपरात कोणता प्रश्न सुटला नव्हता? तो त्यांना नक्की आठवत असणार. मुलाला एक गुण देण्यापेक्षा तो प्रश्न त्यांनी द्यावा, शेजारी बसून सोडवून दाखवावा. बापलेकांत एवढा व्यवहार रास्त आहे.

भिंतीचे मात्र अजून ठरलेले नाही. सर म्हणतात आकडा राहू द्या. मी म्हटले, दिवाळीपूर्वी चुना लावायचा आहे, तेव्हा पाहू.

दरम्यान ऑगस्टपासून एक नवीन गोष्ट घडते आहे. गेल्या वर्षी शेवटच्या चढाईत जो मुलगा पकडला गेला, तो आता पीथमपूरला कामाला आहे. रविवारी त्याची सुट्टी असते. तो मोटारसायकलवरून येतो आणि समोरच्या संघाकडून खेळतो, म्हणजे आमच्या मुलांना सरावाला कुणी तगडा गडी मिळावा म्हणून. पहिल्या रविवारी त्याने साहित्याच्या खोलीचे दार उघडले, आकडा पाहिला, काही बोलला नाही, आणि चटई उचलायला हात लावला. नंतर पाऊस थांबलेला असताना त्याने नव्या मुलांना मैदानात गोल बसवले आणि शेवटची चढाई पुन्हा करून दाखवली. बोनस रेषा ओलांडली इथवर ठीक होते. परतताना नजर मध्यरेषेवर गेली, आणि ज्या पायावर भार होता त्याच पायाचा घोटा कोपऱ्यातल्या गड्याने धरला. "देखने का नहीं लाइन को," तो म्हणाला, "लाइन कहीं नहीं जाती. कोने वाले को देखने का."

मग त्याने अकरावीतल्या त्या मुलाला उठवले, स्वतः कोपऱ्यात उभा राहिला आणि त्याला चढाईला यायला सांगितले. पहिल्या सात वेळा मुलाचा घोटा त्याच्या हातात सापडला. आठव्या वेळी नाही.